मी लिहिलेले राजीनामे

नर्सची नोकरी म्हणजे पक्की नोकरी, असं मला बरीच वर्षं वाटत होतं. नेसरीजवळच्या आमच्या गावात पांढऱ्या कपड्यांतली एकच बाई मी लहानपणी पाहिली होती, सरकारी दवाखान्यातली. ती निवृत्त होईपर्यंत त्याच खुर्चीवर बसायची. म्हणून बारावीनंतर मी नर्सिंगच्या तीन वर्षांच्या डिप्लोमाला गेले, तेव्हा आप्पांनी पाहुण्यांना सांगितलं की पोरीच्या काळजीचं आता कारण उरलं नाही. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली. पुढचं विचारायचं तर घरात कुणाला विचारणार, हा प्रश्न तेव्हा मला पडला नव्हता.

डिप्लोमा झाल्यावर मला कोल्हापुरात एका सेवा केंद्रात काम मिळालं. सकाळची ड्यूटी करून संध्याकाळच्या कॉलेजात बी.ए. करता येईल, हे मला सोयीचं वाटलं. केंद्र म्हणजे तीन मजली बंगला. लकवा झालेली, खुबा मोडलेली, आठवण गेलेली माणसं तिथे कायमची राहायला असतात. दवाखान्यात पेशंट बरा होऊन घरी जातो, जाताना पेढे देतो. इथून तसं कुणी जात नाही. काम चांगलं झालं तर काहीच घडत नाही. पाठीला जखम होत नाही, छातीत कफ भरत नाही, आणि जे घडलंच नाही ते मालकाला दाखवायचं कसं, हे आम्हाला कुणालाच जमायचं नाही.

दुसऱ्या मजल्याच्या इन्चार्ज सिस्टर अठरा वर्षं तिथे होत्या. रोज पेठ वडगावहून यायच्या. सगळे त्यांना सिस्टर म्हणत, मी ताई म्हणायचे. आवाज मोठा, आणि रागावल्या की खालच्या रस्त्यावर ऐकू जाईल असा. माझ्या पहिल्याच दिवशी त्यांनी मला एका आजोबांची कूस बदलायला लावली. हे आजोबा म्हणजे निवृत्त मास्तर. उजवं अंग गेलेलं, पण जीभ शाबूत. मी चादर धरून ओढायला लागले तशा ताई ओरडल्या.

"गोणपाट हाय व्हय ते वडायला? उचल. कातडं घासतंय त्येंचं."

मास्तर म्हणाले, "सिस्टर, नवी पोरगी हाय, हळू बोला. मला पाडलं तर पाडलं, तिला पळवून लावू नका."

"तुमी गप पडा मास्तर. तुमची पाठ अठरा म्हैने झालं मी राखलीया."

ती पाठ खरंच राखलेली होती. एक ओरखडा नव्हता. नाकातून पोटात नळी घालायला डिप्लोमात आम्हाला पुतळ्यावर शिकवलं होतं. जिवंत माणसाला नळी कशी घालायची, घशाशी आल्यावर कुठे थांबायचं, ती फुफ्फुसात गेली नाही याची खात्री कशी करायची, हे मला ताईंनी शिकवलं. चार वेळा त्यांनी माझ्या हातावर हात ठेवून घातली. पाचव्या वेळी नुसत्या शेजारी उभ्या राहिल्या.

मला रुजू होऊन वर्ष होत आलं असेल. एके दिवशी मॅनेजरसाहेबांनी ऑफिसात बोलावलं. टेबलावर कोऱ्या कागदांची चळत होती.

"तुझं अक्षर चांगलं हाय म्हणत्यात. कॉलेजात जातीस न्हवं?"

"व्हय सर."

"मग ह्या बायकांचे अर्ज तेवढे लिहून काढ. सगळ्यांचं रेकॉर्ड नवीन करायचंय. एक रुजू झाल्याचा अर्ज, एक राजीनाम्याचा. सह्या त्या करतील."

मी विचारलं, "राजीनामा कशाला सर?"

"पद्धत हाय ती. सगळीकडंच घेत्यात. तारीख मोकळी सोड."

मी आणखी काही विचारलं नाही. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं होतं. गावात मी सातवीत असल्यापासून लोकांचे अर्ज लिहीत आले. विहिरीच्या मोटारीच्या कनेक्शनचा, रेशनकार्डात सुनेचं नाव घालायचा, दूध डेअरीच्या चेअरमनला. लोक ओट्यावर येऊन बसायचे आणि आप्पा आतून मला हाक मारायचे. अर्ज लिहिणं म्हणजे शिकलेल्या माणसानं केलेली मदत, एवढंच मला माहीत होतं. कागद कुणाच्या बाजूचा आहे, हे बघायची सवय मला नव्हती.

राजीनाम्याचा मजकूर मॅनेजरनी दोन ओळींतच सांगितला होता. मला तो तोकडा वाटला. म्हणून मी मनाचं घातलं. "वैयक्तिक व कौटुंबिक कारणास्तव" हे मी घातलं. "आजवर आपण दिलेल्या सहकार्याबद्दल मी ऋणी आहे" हेही मीच. आणि शेवटी, कुठल्यातरी संमतीपत्रावर वाचलेलं आठवलं म्हणून, "माझी संस्थेविरुद्ध कोणतीही तक्रार नाही." वाचायला भारदस्त वाटलं. तोच मजकूर मी नऊ वेळा लिहिला. आठ बायकांचे आठ आणि माझा एक.

ते कागद घेऊन मी मजल्यामजल्यावर फिरले. ताई तेव्हा एका आजींना नळीतून पेज देत होत्या. एका हातात सिरिंज, चष्मा केसांवर.

"काय हाय गं?"

"रेकॉर्डचं हाय ताई. सगळ्यांचं घेत्यात."

"वाचू कवा? हात रिकामा न्हाय. कुठं सही करायची ते दाव."

मी बोट ठेवून जागा दाखवली. त्यांनी डाव्या हातात सिरिंज उंच धरून उजव्या हातानं सही केली. आजी तेवढ्यात ठसकल्या, आणि त्या लगेच तिकडे वळल्या. हे मला इतकं स्पष्ट आठवतं की कधीकधी वाटतं, मी नंतर त्यात भर घातली असेल. पण बोट ठेवलं होतं, हे खरं आहे.

पुढच्या वर्षी केंद्राचा कारभार बदलला. नव्या मालकांनी केअरटेकर मुली घ्यायला सुरुवात केली. काही महिन्यांचा कोर्स केलेल्या किंवा तोही न केलेल्या. मुली वाईट नव्हत्या. जेवण भरवायच्या, अंग पुसायच्या, जीव लावायच्या. पण एक नर्स कमी झाली की तिच्या जागी नर्स येत नव्हती. हळूहळू त्या मुलींना नळ्या घालायला सांगू लागले. एकदा एका मुलीनं घातलेल्या नळीतून पेज द्यायच्या आधी ताईंनी तपासलं, तर नळी पोटात नव्हतीच. ताईंनी ती काढली, परत घातली, आणि मुलीला एक शब्दही बोलल्या नाहीत. ड्यूटीच्या रजिस्टरमध्ये मात्र त्यांनी मोठ्या अक्षरात लिहिलं की शिक्षण नसलेल्या मुलींकडून नळी घालून घेऊ नये, पेशंट दगावेल. खाली सही केली.

मॅनेजर वर आले. "मॅडम, हे रजिस्टरात कशाला? तोंडी सांगायचं."

"तोंडी चारदा सांगितलं की. तुमी ऐकत न्हाय, आता वाचा."

मास्तर खाटेवरून हसले. मलाही हसू आलं होतं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी ताई ताप आला म्हणून दोन दिवस घरी राहिल्या. तिसऱ्या दिवशी त्या कामावर आल्या, तेव्हा मी खालीच औषधांची पेटी मोजून घेत होते. मॅनेजरनी त्यांना जिन्यापाशीच थांबवलं.

"मॅडम, तुमचा राजीनामा मंजूर झालाय परवा."

ताईंना आधी ती चेष्टा वाटली. "कसला राजीनामा? ताप आलता मला. फोन केलता की तुमाला."

मॅनेजरनी कागद दाखवला. हातात दिला नाही, नुसता दाखवला. वर तारीख होती, वेगळ्या शाईत. ताईंनी चष्मा लावून तो पहिल्यांदा वाचला. कौटुंबिक कारण, ऋणी आहे, तक्रार नाही. वाचून झाल्यावर त्यांनी मॅनेजरकडे पाहिलं नाही. वळून माझ्याकडे पाहिलं. अक्षर त्यांच्या ओळखीचं होतं. रोज माझ्याच अक्षरातलं रजिस्टर त्या तपासायच्या.

एवढ्या मोठ्या आवाजाची बाई, पण नुसती पर्स उचलून गेली. मास्तरांनी दुपारी विचारलं, "आज आमची फौजदारीण आली न्हाय?" मी म्हटलं, रजेवर आहेत. एवढं खोटं माझ्या तोंडून लगेच आलं.

आठवड्याभरात त्यांचा फोन आला. शाहूपुरीत एका वकिलांचं ऑफिस आहे, तिथे ये म्हणाल्या. मशिनरीच्या दुकानावरचा मजला. मी ड्यूटी संपवून गेले. मला वाटलं होतं त्या मला बोल लावतील. त्यांनी बाकावर सरकून जागा दिली. वकीलसाहेब म्हणाले, "कोऱ्या तारखेवर सही घेतली हे ह्या सांगतात, पण कागद तर स्वच्छ आहे. उलट एवढा सविस्तर राजीनामा मी बघितला नव्हता. ऋणी काय, तक्रार नाही काय."

मी मान खाली घातली.

"लिहिणारीनं जबाब दिला," ते म्हणाले, "की हा मी वर्षापूर्वी लिहिला, ऑफिसच्या सांगण्यावरून, तारीख नव्हती, असेच नऊ लिहिले, तर काहीतरी धरून बोलता येईल."

ताई म्हणाल्या, "खोटं काय बी लिहू नको. जे झालं तेवढंच लिही. अजून अकरा वर्षं नोकरी हाय माझी. ह्या वयात मला नव्यानं कोण घेतंय?"

मी "हो" म्हणाले. मग जिना उतरताना "दोन दिवसांत देते" म्हणाले. दोन दिवस हा शब्द माझाच.

मी ते दोन दिवस पाळले नाहीत, आणि का पाळले नाहीत ते प्रामाणिकपणे लिहायचा प्रयत्न करते. माझा डिप्लोमा आणि नर्स म्हणून झालेल्या नोंदणीचं प्रमाणपत्र, दोन्ही ओरिजनल, केंद्राच्या कपाटात होते. रुजू होताना सगळ्यांचेच ठेवून घेतात. सरकारी भरती निघाली की ते लागणार, आणि अनुभवाचा दाखलाही लागणार. मी जबाब दिला की ते कपाट मला उघडणार नाही, हे मला दिसत होतं. माझाही राजीनामा तिथेच होता. तोही माझ्याच अक्षरात, माझ्याच भारदस्त शब्दांत. मग मी ठरवलं की आधी ओरिजनल बाहेर काढायचे आणि नंतर जबाब द्यायचा. हे मला हुशारीचं वाटलं. मी मॅनेजरकडे गेले, कॉलेजला दाखवायचेत म्हणाले. ते म्हणाले, "झेरॉक्स घेऊन जा की." चार दिवसांनी परत गेले. "कपाटाची किल्ली मालकांकडं हाय." परत गेले. त्या वेळी त्यांनी माझ्याकडे जरा निरखून पाहिलं, आणि नंतर मी जायची थांबले.

मध्ये ताईंचा एकदा फोन आला. मी उचलला नाही. वर्गात होते, पण तास सुरू झाला नव्हता.

शेवटी मी आप्पांना फोन केला. त्यांना सगळं सांगितलं. मागे धारेची भांडी वाजत होती.

"लिहून दिलं तर तुझी नोकरी जाईल व्हय?"

"जाईल असं वाटतंय."

"आन न्हाय दिलं तर त्या बाईची."

"त्यांची गेलीच हाय आप्पा. परत मिळंल का बघायचंय."

आप्पा म्हणाले, "मला त्यातलं काय कळतंय बाळा. तू शिकलीयास. तुला कळंल ते कर."

मी फोन ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं की आप्पांनी माझ्यावर ओरडायला हवं होतं, हे कर, ते करू नको असं. पण ते बिचारे खरं बोलले. आमच्या घरात राजीनामा हा शब्दच मी पहिल्यांदा आणला.

त्या रविवारी मी जबाब लिहिला. चार ओळी. या वेळी मनाचं काही घातलं नाही. तो घेऊन पेठ वडगावला गेले. ताई दारात बसून शेंगा फोडत होत्या. मला बघून उठल्या नाहीत. चटई पुढे सरकवली, पाणी आणून दिलं, मग हात पुढे केला. "आण बघू."

चष्मा लावून त्यांनी तो सावकाश वाचला.

मी विचारलं, "उशीर झाला काय ताई?"

"झाला की," त्या म्हणाल्या. "शुक्रवारी सही करून आले."

घरोघरी नर्स पुरवणाऱ्या एका माणसानं त्यांना काम द्यायचं कबूल केलं होतं, पण त्याला अनुभवाचा दाखला हवा होता. अठरा वर्षांचा दाखला केंद्राच्या हातात. केंद्रानं सांगितलं, हिशेब पुरा झाला, माझं काही म्हणणं नाही, असं लिहून द्या आणि दाखला घेऊन जा. वकील नको म्हणत होते. "तुझी वाट बघितली," त्या म्हणाल्या. "मग वाटलं, पोरगी काय येत न्हाय. तिचं बी बरोबर हाय. सोमवारपासून जायाचंय मला. बारा तासांची ड्यूटी, एका म्हातारीकडं. सुट्टी न्हाय."

मला रडू आलं. त्या शेंगा फोडत राहिल्या. रडू नको, असं काही म्हणाल्या नाहीत, आणि ते योग्यच होतं. मग त्यांनी जबाबाच्या कागदाची घडी घातली आणि पर्समध्ये ठेवायला लागल्या.

मी न ठरवताच हात पुढे केला. "आता त्याचा उपयोग न्हाय ना? मग…"

त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं. "माझ्या उपयोगाचा न्हाय. पण अजून सात जणी हायत तिथं. कुणाची तरी पाळी येणारच की. ऱ्हाऊ दे माझ्याकडं." मग म्हणाल्या, "भ्यालीस?"

"व्हय."

"भ्या. मी बी भ्याले म्हणूनच सही केली शुक्रवारी."

मला अजून एक गोष्ट सांगायची होती, आणि ती सांगायला जीभ वळत नव्हती. त्यांनीच विचारलं, "माझ्या मजल्यावर इन्चार्ज कोण आता?"

"मी," मी म्हटलं. "परवाच नेमलंय."

शेंगा फोडायचा आवाज थांबला. परत सुरू झाला.

"पत्र दिलंय?"

"न्हाय. तोंडी सांगितलंय."

"मग मागून घे. तोंडी घेऊ नको. पत्रात हुद्दा लिहायला लाव, तारीख घालायला लाव, आन एक प्रत घरी ठेव. मला अठरा वर्षांत सुचलं न्हाय ते." मग त्यांनी मजल्यावरच्या एकेका पेशंटचं विचारलं. कोण जेवतंय, कुणाला ठसका लागतोय, मास्तरांची टाच लाल झालीय का. मी सांगत गेले. निघताना त्यांनी मला पिशवीभर शेंगा दिल्या. मला त्या नको होत्या, पण नको म्हणायचंही धाडस झालं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिसात गेले. रात्रभर वाक्य घोकलं होतं. "सर, इन्चार्ज म्हणून पत्र मिळेल का?"

मॅनेजर चहा पीत होते. त्यांनी कप खाली ठेवला. चिडले नाहीत, उलट हसले.

"पत्र कशाला? आमच्यावर विश्वास न्हाय व्हय तुझा?"

मागे ते कपाट होतं. मी त्याच्याकडे बघायचं नाही असं ठरवून उभी राहिले.

"हाय की, सर," मी म्हणाले, आणि वर मजल्यावर गेले.